करणी (शब्द आणि त्याचं मूळ)

करणी म्हणजे कुणीतरी मुद्दाम मंत्रतंत्र करून दुसऱ्याचं वाईट घडवून आणतं, असा समज. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत हाच शब्द चालतो, जादूटोणा हा तसा पेपरातला आणि कायद्यातला शब्द, आणि म्हातारी माणसं तर करणी पण म्हणत नाहीत, आवाज बारीक करून नुसतं "कुणीतरी केलंय" म्हणतात, काय केलंय ते विचारावं लागत नाही.

या "केलंय"मध्येच शब्दाचं मूळ आहे. करणी आली "करणे"वरून, संस्कृतात कृ धातू, अथर्ववेदात असल्या प्रकाराला कृत्या म्हटलंय. आता शेजारच्या कन्नड घरात याला माट म्हणतात, तो शब्द "माडु"वरून आलाय आणि माडु म्हणजे पण करणेच! "माट माडस्यार" म्हणा नाहीतर "करणी केलीया" म्हणा, एकच. एक भाषा द्रविड कुळातली, दुसरी आर्य, तरी दोन्हीकडे शब्दाच्या पोटात "करणारा" बसलाय, आणि मला यातलं सगळ्यात वाईट तेच वाटतं, कारण एकदा केलंय म्हटलं की कुणी केलं हे शोधणं आलं, मग बांधाच्या भांडणातला भाऊबंद नाहीतर एकटी राहणारी बाई, बोट तिकडंच जातं. म्हैस आटली, पोराचा ताप उतरेना, तरी डॉक्टरच्या आधी नाव शोधतात.

जादू हा शब्द फारसीतून आला, पण तो आणि वेदातला "यातु" एकाच मुळाचे. यातुधान म्हणजे जादूटोणा करणारा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, १०४व्या सूक्तात, आळ आलेला माणूस कळवळून म्हणतो की मी यातुधान असेन तर आजच मरू दे. म्हणजे खोटा आळ पण शब्दाइतकाच जुना.

इंग्रजीतला सॉर्सरी फ्रेंचमधून आलाय आणि मूळ लॅटिन "सॉर्स", म्हणजे चिठ्ठी टाकून नशीब बघणं. तिथं आधी भविष्य सांगणारा होता, वाईट करणारा हा अर्थ नंतर चिकटला.

भानामती, चेटूक, मूठ मारणे हे शब्द पण आहेत. उतारा मात्र वेगळा, तिकटीवर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथं, दिसणारा भात, लिंबू, गुलाल हा बहुतेक वेळा कुणाच्या तरी आजारी माणसावरून ओवाळून टाकलेला असतो, तो करणी काढायला, करायला नव्हे, लोक दोन्ही एकच धरतात आणि उगाच घाबरतात.

अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कर्नाटकातलं बिल तर नोव्हेंबर २०१७मध्ये बेळगावातच, सुवर्ण विधानसौधच्या अधिवेशनात विधानसभेत पास झालं, आणि कायदा जानेवारी २०२०पासून लागू आहे. यमकनमर्डीचे आमदार सतीश जारकीहोळी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम घेतात, २०१४ला तर रात्रभर तिथंच राहिले होते. लोक तिथं बसून जेवतात पण.