धुण्याच्या फेसाचा हिशेब

आळंदीत इंद्रायणी फेसाळली, ही बातमी आता नवी राहिलेली नाही. वारी किंवा कार्तिकी तोंडावर आली की ती हमखास येते. बंधाऱ्यावरून पाणी खाली पडतं तिथे पांढरे ढीग तरंगायला लागतात, वाहिन्यांचे कॅमेरे पोचतात, वारकरी हाताने फेस बाजूला सारून डुबकी मारतात. मग कारखान्यांकडे बोट दाखवलं जातं. रसायनयुक्त पाणी चोरून सोडणारे आहेतच, त्यांची गय करायचं काही कारण नाही. पण त्या फेसात घराघरांतल्या मोऱ्यांचाही वाटा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

फेस येतो तो सर्फॅक्टंट या रसायनामुळे. साबण, पावडर, शांपू, भांड्यांचं लिक्विड, सगळ्यांचा कर्ता-करविता हाच. त्याचा रेणू दिसायला बेडूकमाशासारखा: एक डोकं आणि एक लांब शेपटी. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. कॉलरवरच्या मळात तेल असतं. शेपट्या त्यात घुसतात, डोकी पाण्याकडे राहतात आणि मळाचा कण सगळीकडून वेढला जाऊन कापडापासून सुटतो. कपडे धुण्याचं काम इथे संपलं. याच रेणूंनी हवेच्या बुडबुड्याभोवतीची पाण्याची पातळ भिंत धरून ठेवली, की फेस होतो. ते वेगळंच काम आहे, त्याचा मळ निघण्याशी जेमतेम संबंध. फ्रंट लोड मशिनच्या पावडरीत तर फेस कमी यावा म्हणून मुद्दाम वेगळं रसायन घातलेलं असतं, आणि तरी कपडे स्वच्छ निघतात.

आपला विश्वास मात्र फेसावरच. बादलीत हात घालून ढवळलं आणि फेस वर आला नाही, तर हात आपोआप पावडरीच्या डब्याकडे जातो. जाहिरातवाल्यांना हे कधीच कळलेलं आहे.

हाच फेस 1950 च्या दशकात जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेतल्या नद्यांवर चढला होता. तेव्हाच्या डिटर्जंटमधल्या सर्फॅक्टंटच्या शेपटीला फाटे होते. जिवाणू अशा शेपटीचा एकेक तुकडा टोकापासून तोडत जातात, फाटा आला की अडतात. त्यामुळे ते रसायन गटारातून, शुद्धीकरण केंद्रातून जसंच्या तसं नदीत यायचं. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला आणि 1964 पासून न कुजणाऱ्या डिटर्जंटवर बंदी आणली. अमेरिकेतल्या कंपन्यांनी 1965 मध्ये सरळ शेपटीचं सर्फॅक्टंट वापरायला सुरुवात केली. त्याला एलएएस म्हणतात, आणि आज आपल्या बहुतेक पावडरींमध्ये तेच असतं. जिवाणू ते भराभर खातात. तिकडचा फेस उतरला, प्रश्न सुटला.

यात एक अट होती. एलएएस खाणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. पाण्यात प्राणवायूच नसेल, तर ही सरळ शेपटीसुद्धा जवळजवळ तशीच टिकून राहते. आपलं घोडं इथेच पेंड खातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं, आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होतं 20,236 दशलक्ष लिटर, म्हणजे 28 टक्के. उरलेलं नाल्यातून नदीत. त्यातला मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू आधीच संपवतो, मग डिटर्जंट खायला कुणी उरत नाही. ते वाहत वाहत पुढच्या बंधाऱ्याशी येतं, तिथे पाणी आपटतं, हवा मिसळते आणि आपल्या मोरीत झालेला प्रकार नदीत पुन्हा होतो. मैल्यातली प्रथिनं आणि काही तंतुमय जिवाणू तो फेस आणखी घट्ट करतात. दिल्लीत यमुनेवर ओखल्याच्या बंधाऱ्याखाली छठपूजेच्या सुमारास हेच दिसतं. बंगळुरूच्या बेलंदूर तलावावर तर 2015 मध्ये फेसाला आग लागली होती.

किती पावडरीने किती पाणी बिघडतं, ते कागदावर मांडून बघू. एका धुण्याला 80 ग्रॅम पावडर घातली आणि तिच्यात 12 टक्क्यांच्या आसपास सर्फॅक्टंट धरलं, तर झालं साधारण 10 ग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात असल्या डिटर्जंटची इष्ट मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे ते 10 ग्रॅम दहा हजार लिटरच्या अख्ख्या टँकरला शेवटच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतात. एका घरातलं एक धुणं आणि एक टँकर. नदीचं पाणी कुणी तसंच पीत नाही, हे कबूल. पण पावडरीचा जास्तीचा एक चमचा जातो कुठे, याचा अंदाज यायला एवढं पुरे.

चमचा जास्त पडण्याचं दुसरं कारण पाण्यात आहे. धरणाचं नळाचं पाणी बहुधा हलकं असतं, तर दख्खनच्या काळ्या खडकातून आलेल्या बोअरच्या आणि विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. या जड पाण्यात साबण आधी त्या क्षारांशी जोडला जातो, त्याचा पांढुरका साका बादलीच्या कडेला बसतो आणि कपड्यांच्या वाट्याला थोडाच येतो. डिटर्जंटचा असा साका होत नाही, पण जोर त्याचाही कमी होतो. आपल्याकडचं पाणी कसलं आहे हे कळायला प्रयोगशाळा नको. पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा टाकून जोरात हलवा. वर जाड फेस आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी दिसलं, तर पाणी हलकं. फेस बसला आणि पाणी दुधाळ झालं, तर जड. (इथे मात्र पावडर नको, साबणच हवा.) पाकिटावरचं माप सगळ्यांसाठी एकच छापलेलं असतं. नळाचं हलकं पाणी असेल, तर त्याच्या निम्म्याने सुरुवात करून बघायला हरकत नाही. कॉलर आणि बाह्यांच्या कडा निघाल्या, तर तेच आपलं माप. बोअरच्या नाहीतर टँकरच्या जड पाण्यावर राहणाऱ्यांना ही चैन नाही. त्यांनी पावडर वाढवण्याआधी कपडे अर्धा तास भिजवून बघावेत. पावडरीत एन्झाइम असतील, तर घामाचा, अन्नाचा डाग तोडायला त्यांना वेळ लागतो, फेस नव्हे.

जड पाण्यावरचा कंपन्यांचा तोडगा म्हणजे फॉस्फेट. ते क्षारांना धरून ठेवतं आणि सर्फॅक्टंट मोकळं राहतं. उपाय छान होता. पण फॉस्फेटमधला फॉस्फरस हे खत आहे. 1973 मध्ये कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या एका छोट्या सरोवरात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी आडवा पडदा लावून पाण्याचे दोन भाग केले. सरोवराला नावसुद्धा नव्हतं, नुसता आकडा होता: 226. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, एकात वर फॉस्फरसही. थोड्याच काळात फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, पडद्यापलीकडचं पाणी होतं तसंच राहिलं. विमानातून काढलेल्या त्या फोटोपुढे साबण कंपन्यांचे युक्तिवाद टिकले नाहीत. युरोपियन युनियनने 2013 पासून घरगुती धुलाई पावडरीतल्या फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली. आपल्याकडे गंमत अशी की 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सुरू केलेली पिवळी निरमा मुख्यतः धुण्याच्या सोड्यावर चालायची, फॉस्फेटशिवाय. पर्यावरण कुणाच्या मनात नव्हतं, पावडर स्वस्त करायची होती. हाताला झोंबायची, ते वेगळं.

फॉस्फरसच्या बाबतीत मात्र सगळं खापर पावडरीवर फोडणं बरोबर नाही. माणूस मलमूत्रातून रोज साधारण एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर टाकतो. शेतातून वाहून येणारं खत आहेच. बिनफॉस्फेटची पावडर आणून कुणी आपलं अंग काढून घेऊ शकत नाही, कारण मैलापाणी शुद्ध करणं हे काम महापालिकेचं आहे आणि ते तिच्याकडूनच करून घ्यायला हवं. साधी शुद्धीकरण केंद्रं मैला कुजवतात, फॉस्फरस बराचसा पुढे सोडतात. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पुण्याची मुळा-मुठा थोडी पुढे मिळते, आणि ते सगळं उजनीच्या जलाशयात येऊन साचतं. तिथे पाणी थांबतं, ऊन भरपूर, खत तयार. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं. नद्यांवर माजणारी जलपर्णी याच खतावर पोसते. मूळची ती दक्षिण अमेरिकेतली, पण भूक तिला आपल्याकडे लागली. उजनीचं पाणी सोलापूर पितं आणि खाली पंढरपूरला चंद्रभागेत सुटतं तेही हेच. आळंदीहून पालखी निघते, तशी आळंदीची गटारंही पंढरीच्याच वाटेला लागलेली असतात.

मग रिठा? प्रश्न येतोच. रिठ्यात सॅपोनिन असतं, ते निसर्गाचं सर्फॅक्टंट, आणि रेशमी साड्यांना ते अजूनही उत्तम. कुजतंही लवकर. पण सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक आहे. सॅपोनिन असलेल्या वनस्पती ठेचून डोहात टाकायच्या आणि गुंगलेले मासे धरायचे, ही रीत जगभरातल्या आदिवासींना ठाऊक आहे. झाडाला लागलं म्हणून निरुपद्रवी, असं नदीचं गणित नाही. अख्ख्या शहराने रिठ्यावर धुणं सुरू केलं, तर तितकंच सांडपाणी तिकडूनही येईल.

गरम पाण्याचं थोडक्यात सांगतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला 4.2 किलोज्यूल ऊर्जा लागते. मशिनमधलं 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायचं तर सुमारे 0.6 युनिट वीज. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे नुसत्या तापवण्याचे चारशे ग्रॅम. महाराष्ट्रात नळाचं पाणी बहुतेक वर्षभर कोमट म्हणावं असंच असतं. आजारी माणसाच्या चादरी, बाळाची दुपटी सोडली, तर 60 अंशांचं बटण कशाला दाबायचं, ते मला कळलेलं नाही.

डोळ्यांना न दिसणारा प्रकार धाग्यांचा. प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी 2016 मध्ये मोजलं, तर सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर सूक्ष्म धागे सुटू शकतात असं निघालं. पॉलिएस्टरचे पाच लाखांच्या घरात, पॉलिएस्टर-सुती मिश्रणाचे त्याहून बरेच कमी. हे धागे म्हणजे प्लॅस्टिकच, ते कुजत नाहीत. नाजूक कपड्यांसाठी म्हणून दिलेला ‘डेलिकेट’ प्रोग्रॅम उलटा पडतो, असंही पुढे दिसलं: त्यात पाणी जास्त घेतलं जातं आणि धागे अधिक सुटतात. भरलेलं मशिन, थंड पाणी आणि छोटा प्रोग्रॅम बरा. हाताने धुतल्यावर मशिनपेक्षा धागे कमी निघतात, पण खरबरीत फळीवर घासलं की वाढतात. लेगिंग, ट्रॅक पँट, ‘ड्राय फिट’ टी-शर्ट यांना तसाही ब्रश लागत नाही. घाम तेवढा काढायचा असतो.

टॉप लोड मशिनच्या आत एक जाळीची पिशवी असते, तिच्यात राखाडी लगदा साठतो. सूक्ष्म धागे बहुतेक त्या जाळीतून निसटतात, पण सापडलेल्या लगद्यातही बरेच असतात. तो आपण काय करतो? पिशवी उलटी करून नळाखाली धरतो, आणि मशिनने अडवलेलं सगळं मोरीच्या भोकातून पुढे पाठवतो. पिशवी काढून खिडकीत रात्रभर वाळू द्यावी. सकाळी लगद्याचा कागदासारखा पापुद्रा होतो, बोटाने एका तुकड्यात सुटतो, आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात जातो.