एकत्रित गेम लायब्ररी

वेगवेगळ्या ऑनलाइन दुकानांतून घेतलेले, डिस्कवरून इन्स्टॉल केलेले आणि एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालणारे गेम संगणकावर एकाच यादीत आणून तेथूनच सुरू करण्याची पद्धत. ही मालाची खतावणी होय; फाइली, परवाने व लॉगिन ज्या त्या दुकानाकडेच राहतात. बहुतेक घोटाळे हा भेद विसरल्यामुळे होतात.

उगमाबद्दल एकमत नाही. काहीजण २००३ मध्ये सुरू झालेल्या स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या ॲपचे नाव घेतात, कारण त्यात बाहेरचे गेम जोडता येतात. परंतु जोडला जातो तो निव्वळ शॉर्टकट, दुसऱ्या दुकानातील खरेदीची यादी त्यात येत नाही. विंडोज व्हिस्टातील (२००७) ‘गेम्स एक्सप्लोरर’ या गेमच्या फोल्डरचाही दावा मांडला जातो. तथापि १९९७ मध्ये ‘मेम’ हा आर्केड एम्युलेटर आल्यावर त्यासाठी जे फ्रंटएंड (गेम निवडून सुरू करण्याचे दर्शनी प्रोग्राम) लिहिले गेले, त्यांत यादी, चित्र आणि सुरू करण्याची आज्ञा एकत्र नांदत होती; मूळ तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकचे दुकान उघडल्यावर अशा एकत्र यादीची निकड वाढली. गॉग गॅलेक्सी २.० आणि मुक्तस्रोत प्लेनाइट ही आजची परिचित साधने.

प्लेनाइटमध्ये प्रत्येक दुकानाचे ॲड-ऑन (जोड-प्रोग्राम) घेऊन लॉगिन करतात व लायब्ररी अद्ययावत करतात. स्टीम प्रोफाइलमधील गेमचा तपशील खासगी असल्यास यादी रिकामी येऊ शकते. एकच गेम दोन दुकानांत असेल तर दोन नोंदी दिसतात. इन्स्टॉल केलेली ठेवून दुसरी लपवावी, पुसू नये, कारण पुढच्या अद्ययावतीत ती परत येऊ शकते.

विंडोज नव्याने टाकल्यावर स्टीम ८० जीबीचा गेम ‘नाही’ म्हणतो, तेव्हा फाइली बहुधा जागेवरच असतात. ‘स्टीमॲप्स’ फोल्डरात प्रत्येक गेमची ‘ॲपमॅनिफेस्ट’ नावाची छोटी फाइल असते. ती हरवली की स्टीमच्या लेखी गेम नसतो. ‘कॉमन’मधील फोल्डरचे मूळ नाव न बदलता त्याच लायब्ररीत इन्स्टॉल दाबावे. स्टीम असलेल्या फाइली तपासतो, उणीव तेवढीच उतरवतो. एपिकमध्ये मात्र आधी डाउनलोड सुरू करून थांबवावे लागते, मग जुन्या फाइली त्या फोल्डरात टाकून पुढे चालू करतात.

जुळे सोलापुरातून नवी पेठेत मित्राकडे बाह्य डिस्क नेली आणि तिचे ड्राइव्हचे अक्षर ‘ई’चे ‘एफ’ झाले, तर हाताने जोडलेले सगळे गेम तुटतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ‘टी’सारखे उशिराचे अक्षर दोन्ही संगणकांवर द्यावे, किंवा प्लेनाइटची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) प्रत त्याच डिस्कवर ठेवून गेमच्या फाइलींचे मार्ग तिच्या सापेक्ष लिहावेत. डिस्कचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, एनटीएफएस घ्यावे.

सोलापुरात मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांपुढे जातो, आणि अनेक बाह्य डिस्कांसाठी उत्पादक ३५ अंशांपर्यंतचीच हवा योग्य मानतात. मोठी कॉपी म्हणूनच सकाळी उरकावी. सेकंदाला १०० एमबी वेगाने ८० जीबीला सुमारे १४ मिनिटे लागतात. बारीक फाइली पुष्कळ असल्यास बराच जास्त वेळ जातो. मधेच लाइट गेल्यास अर्धवट फोल्डरवर विसंबू नये, गेमच्या फाइली दुकानाच्या ॲपमधून तपासून घ्याव्यात. प्लेनाइटच्या बॅकअपमध्ये चित्रे, टॅग आणि खेळलेला वेळ येतो; गेम येत नाहीत.