रुग्ण कल्याण समिती आणि ग्राम आरोग्य समिती: कुठला प्रश्न कुठे मांडायचा?

‘मला आरोग्य समितीवर घेतलंय’ असं गावात कुणी सांगितलं, की आधी विचारावं लागतं: कुठल्या? प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती वेगळी आणि गावाची ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती वेगळी. दोन्ही २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून खेड्यापाड्यांत पोचल्या. दोन्हींत अधिकाऱ्यांबरोबर अशासकीय सदस्य असतात, दोन्हींना अबंधित (स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येणारा) निधी मिळतो, आणि पुष्कळदा माणसंही तीच. मग डॉक्टर जागेवर नसल्याची तक्रार गावच्या समितीत होते आणि फुटलेल्या पाइपलाइनीचा विषय दवाखान्याच्या सभेत निघतो. दोन्हीकडे माना डोलावल्या जातात, चहा होतो, पुढे काही हलत नाही.

रुग्ण कल्याण समिती ही दवाखान्याची. तिचं मूळ मध्य प्रदेशात आहे: १९९० च्या दशकात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट झाला, तो निपटायला मोठी मोहीम झाली आणि त्यातून लोकसहभागाची ही पद्धत उभी राहिली. ती नोंदणीकृत संस्था असते, म्हणजे स्वतःची नियमावली, स्वतःचं बँक खातं आणि दरवर्षी लेखापरीक्षण. धोरण नियामक मंडळ ठरवतं, रोजचं काम कार्यकारी समिती बघते. सदस्य सचिव असतात केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक असं धरतात. त्यामुळे इथल्या सदस्याला आपल्या गावापुरतं बोलून चालत नाही.

गावची समिती नोंदणीकृत संस्था नाही. ती महसुली गावाची, ग्रामपंचायतीच्या छत्राखाली चालणारी. केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिच्यात किमान १५ सदस्य हवेत, निम्म्या तरी महिला हव्यात, बैठक दर महिन्याला व्हावी आणि सदस्य सचिव आशा असावी. निधी वर्षाला १० हजार रुपये. आरोग्य केंद्रासाठी अभियानाची मर्यादा १ लाख ७५ हजारांची आहे. आकडे बघून गावच्या समितीला किरकोळ समजण्याची चूक सर्रास होते. माझ्या मते आजार मुळात अडवायचा असेल, तर त्याचं निम्म्याहून जास्त काम याच १० हजारवाल्या समितीच्या कक्षेत येतं.

खरा फरक सदस्याच्या भूमिकेत आहे. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली असं धरू. गावच्या समितीतला सदस्य स्वतःच कामात उतरलेला असतो. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आहे का, ती टाकीत रोज पडते का, नळाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघणारी ओटी टेस्ट कोण करतं, गळती कुठे आहे, पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर लाल, म्हणजे धोक्याचं, कार्ड मिळालं होतं तर त्यानंतर काय केलं, हे सगळं त्याने आशा आणि जलसुरक्षकाबरोबर (गावचं पाणी शुद्ध ठेवायचं काम बघणाऱ्याबरोबर) फिरून बघायचं. पावडर विकत घेणं ग्रामपंचायतीचं काम, पण ती घेतली नाही हे सरपंचाला तोंडावर सांगायची जागा हीच.

त्याच साथीत रुग्ण कल्याण समितीच्या सदस्याने सलाइन लावायला जाऊ नये आणि ड्युटीचा तक्ताही लिहू नये. त्याने विचारायचं असतं. साथीच्या दिवसांत सलाइन आणि ओआरएसचा साठा किती होता? वरून पुरवठा उशिरा आला तेव्हा स्थानिक खरेदी केली का, आणि नसेल तर का नाही? रात्री आलेला रुग्ण कुणी तपासला? दवाखाना चालवणं वैद्यकीय अधिकाऱ्याचं काम, त्याला उत्तर द्यायला लावणं सदस्याचं. ही रेषा न पाळणारे सदस्य दोन तऱ्हांचे: एक रोज केबिनमध्ये बसून हुकूम सोडणारे, दुसरे डॉक्टरसाहेब म्हणतील तिथे सही करणारे. दुसऱ्या तऱ्हेचे जास्त भेटतात आणि नुकसानही तेच जास्त करतात.

म्हणून रुग्ण कल्याण समितीच्या सभेला जाताना मागचं इतिवृत्त मागून घ्यावं. त्यातले ठराव आणि रोखवहीतला खर्च जुळतो का, हे अर्ध्या तासात कळतं. ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली मोठी रक्कम दिसली तर पावत्या बघायला मागाव्यात. सभाच झाली नसेल आणि नोंदवही सहीसाठी घरी आली असेल, तर सही करू नये. नोंदणीकृत संस्थेच्या कागदावरची ती सही असते.

एक गैरसमज दोन्हीकडे आढळतो, की समिती कर्मचाऱ्याची बदली किंवा निलंबन करू शकते. तसं नाही. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, तेव्हा तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि पुढे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जाते. ग्रामीण रुग्णालय मात्र राज्याच्या आरोग्य विभागाचं, तिथला रस्ता जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातो. समितीचा लेखी ठराव सोबत असला तर त्या तक्रारीला वजन येतं, तोंडी ओरडीला येत नाही.

दोन्ही समित्या एकमेकींना पूरक कशा ठरतात, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, तेव्हाचा उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावात लोकांनी सेवांची पाहणी करायची आणि उरलेले प्रश्न जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे, अशी ती रीत. गावच्या समितीने नोंदी नीट ठेवल्या, तर दवाखान्याच्या सभेत बोलायला पुरावा हाताशी असतो.

आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणवल्या जाणाऱ्या उपकेंद्राला जन आरोग्य समितीही आली आहे, तिचे अध्यक्ष सरपंच. म्हणजे एकाच माणसाकडे तीन पत्रं येऊ शकतात. त्यामुळे पत्र हातात पडलं की त्यावर महसुली गावाचं नाव आहे, उपकेंद्राचं की आरोग्य केंद्राचं, हे आधी बघावं आणि तिन्हींची इतिवृत्तं वेगवेगळ्या फायलींत ठेवावीत.