पेड न्यूज: दडवलेल्या नावांची गोष्ट

वृत्तपत्राच्या अंकात मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने आणली. बातमीला जबाबदार कोण, हे त्यावरून कळे. पण पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराचे, म्हणजे पेड न्यूजचे, पैसे कोणी मोजले, हे कळण्याची सोय कधीच नव्हती. २००३ च्या सुमारास एका बड्या वृत्तसमूहाने पुरवण्यांतली जागा उघड विकायला काढली. पुढे तर जाहिरातींच्या बदल्यात कंपन्यांचे शेअर घेण्याचे करारही झाले.

ऑक्टोबर २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत प्रकरण चव्हाट्यावर आले. एका बड्या नेत्याची स्तुती करणारा तोच मजकूर, जवळपास शब्दशः, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत छापून आला. वर ‘जाहिरात’ असा शब्दही नव्हता. त्याच उमेदवाराच्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च होता जेमतेम ५ हजार रुपये. कौतुकाची पाने फुकट पडली म्हणायची!

वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने वेगवेगळ्या शहरांत साक्षी घेतल्या आणि २०१० मध्ये ७० हून अधिक पानांचा अहवाल दिला. त्यात पैसे घेऊन बातम्या छापल्याचा आरोप असलेल्या वृत्तपत्रांची नावे होती. संस्थेतच त्यावरून जुंपली. आरोप सिद्ध झालेले नाहीत, साक्षी ऐकीव आहेत, मग नावे छापून बदनामी का करायची, असे एका गटाचे म्हणणे. संस्थेत मालकांचे प्रतिनिधीही बसतात, हे इथे विसरता येत नाही. जुलै २०१० मध्ये नावे गाळलेला, डझनभर पानांचा अहवाल मंजूर झाला. पुराव्याचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण मग वृत्तपत्रांचे खुलासे जोडून नावे छापता आली असती. आपण रोज घेतो तो पेपर त्या यादीत आहे का, एवढेच वाचकाला हवे होते आणि नेमके तेच काढून टाकले. मूळ अहवाल खुला झाला तो २०११ मध्ये, माहिती अधिकाराच्या आदेशाने.

त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील एक आमदार पेड न्यूजचा खर्च हिशेबात न दाखवल्यामुळे अपात्र ठरल्या. महाराष्ट्रातल्या त्या नेत्याविरुद्धचा, हिशेबाबाबतचाच, निवडणूक यंत्रणेचा २०१४ चा आदेश मात्र दिल्लीच्या उच्च न्यायालयाने रद्द केला. आता निवडणुकीत जिल्हा पातळीवरच्या समित्या बातम्या तपासतात. संशय आला तर नोटीस उमेदवाराला जाते आणि खर्च त्याच्या हिशेबात धरला जातो. ज्या वाचकाने ती जाहिरात बातमी म्हणून वाचली, त्याला काही कळवण्याची तरतूद या पद्धतीत नाही.