संरचनात्मक हिंसा (नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात)

कायदे, बाजार, जातिव्यवस्था आणि सरकारी कारभार सुरळीत चालू असताना, किंबहुना तो तसा चालू असल्यामुळेच, काही समूहांच्या वाट्याला टाळता येण्याजोगे आजारपण, कुपोषण, अपमान किंवा अकाली मृत्यू येतो. त्याला संरचनात्मक हिंसा म्हणतात. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये ही संकल्पना मांडली. त्यांचे उदाहरण क्षयरोगाचे होते. अठराव्या शतकात क्षयाने कोणी दगावले तर त्याला हिंसा म्हणणे अवघड. पण जगात उपचार उपलब्ध असताना आज कोणी त्याच रोगाने दगावले तर ती हिंसाच. मारणारा हात दिसत नाही, म्हणून तिची फिर्याद होत नाही.

मानवशास्त्रात ही संकल्पना रुजवली ती डॉक्टर आणि मानवशास्त्रज्ञ असलेल्या पॉल फार्मर (१९५९–२०२२) यांनी. हैतीतील एका तरुणीच्या एड्सने झालेल्या मृत्यूचा माग काढताना ते पेलिग्र धरणापर्यंत जाऊन पोहोचले. धरणात कुटुंबाची सुपीक जमीन बुडाली, मग हलाखी, एका सैनिकाशी आलेला संबंध, शहरातले घरकाम आणि शेवटी आजार, अशी ती साखळी होती. एका व्यक्तीची कहाणी आणि तिच्यामागचा इतिहास एकत्र वाचावा, हा त्यांचा आग्रह. योगायोग असा की गाल्टुंग यांचा निबंध आला त्याच १९६९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांची कोयना धरणग्रस्तांची पाहणी प्रसिद्ध झाली. विस्थापितांच्या दारात जाऊन विचारण्याची ही रीत महाराष्ट्राला परकी नव्हती.

नाशिक जिल्ह्यात ही संकल्पना तपासायची तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हे सह्याद्रीलगतचे तालुके जिल्ह्यातले सर्वाधिक पावसाचे; लोकवस्ती मुख्यतः कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर आणि कातकरी. तरीही मार्च उजाडला की पाड्यांवरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात आणि आटलेल्या झऱ्याच्या खड्ड्यात वाटीवाटीने पाणी भरतात. कातळ पाणी धरून ठेवत नाही, हे खरे. पण ऊर्ध्व वैतरणा धरणाचे पाणी मुंबईपर्यंत पोहोचते आणि सुरगाण्याच्या नार-पार नद्यांचे पाणी कुठे वळवायचे यावर वर्षानुवर्षे खल चालतो, तेव्हा सगळा दोष भूगोलावर ढकलता येत नाही. पाणी कुणासाठी साठवायचे, हे माणसांनी ठरवलेले असते.

याच तालुक्यांतून भातकापणीनंतर मजुरांचे तांडे निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात उतरतात. पेठ फाट्यावर किंवा पिंपळगाव बसवंतला पहाटे मजुरांचा बाजार भरतो, तिथे भाव ठरतो तो बहुधा उक्ता, एकरावर. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकदम फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावतात. बोळा पातेल्यात बुडवायचा आणि एकेक डोळा पुसत पुढे सरकायचे, असे हे काम. हातमोजे मिळाले तर मिळाले. नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून भागवतात. हे द्रव्य माणसाच्या त्वचेला आणि डोळ्यांना इजा करते. ते अंगात भिनलेले असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. उक्त्या कामात हात थांबला की मजुरी थांबते, त्यामुळे मोजे शोधत बसायला कुणाला सवड नसते.

युरोपात जाणाऱ्या प्रत्येक द्राक्षमालाची कीडनाशक-अंशांसाठी प्रयोगशाळेत तपासणी होते. २०१० मध्ये एका वाढ-नियंत्रकाचे अंश जास्त आढळल्याने माल नाकारला गेला आणि बागायतदार हवालदिल झाले. त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली. ज्या हातांनी घड औषधात बुडवले (डिपिंग) आणि त्यांची विरळणी (थिनिंग) केली, त्यांच्या त्वचेवर काय उरले याचा अहवाल निर्यातीसाठी कोणी मागत नाही. यात बागायतदाराला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण तोही कर्ज, अवकाळी पाऊस आणि व्यापाऱ्याच्या भावात अडकलेला असतो.

ही उतरंड समजून घ्यायला गाल्टुंग यांच्यापेक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकर अधिक उपयोगी पडतात, असे म्हणायला हरकत नाही. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येक पायरीवरच्याला आपल्या खाली कोणीतरी सापडते, म्हणून सगळे मिळून शिडी मोडत नाहीत, हे त्यांचे विश्लेषण. त्याची कसोटीही नाशिकमध्येच लागली. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि सहकाऱ्यांनी तो पुढे काही वर्षे चिकाटीने चालवला. दारे उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. आज शिडीच्या तळाशी बहुधा कातकरी दिसतात. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले किरकोळ रकमेच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याची प्रकरणे उघडकीस आली. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ पासून आहे.

कागदपत्रांच्या बाजूने याच प्रश्नाकडे मानवशास्त्रज्ञ अखिल गुप्ता यांनी पाहिले. त्यांचा अभ्यास उत्तर प्रदेशातला. गरिबांना योजनांतून वगळले जात नाही, त्यांना योजनेत घेऊनच कारभाराची मनमानी त्यांचे नुकसान करते, असा त्यांचा निष्कर्ष. वनहक्क कायदा, २००६ ची नाशिकमधली वाटचाल याच्याशी बरीच जुळते. कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क सांगणाऱ्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा त्या जमिनीवरचा ताबा दाखवावा लागतो. ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती अशा पायऱ्या चढताना एखादा पुरावा अपुरा ठरतो, मोजणी अडते, किंवा कसत असलेल्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्र मंजूर होऊन येते. कोणीही ‘नाही’ म्हणत नाही आणि पट्टाही हाती येत नाही.

संकल्पनेवर आक्षेपही आहेत. लोईक वाकाँ यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी दाखवले की दारिद्र्य, वंशभेद, लिंगभेद अशा वेगवेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या की कोणती गोष्ट कुणामुळे घडते, हे कळेनासे होते. आक्षेप रास्त आहे. ‘व्यवस्थाच वाईट’ एवढ्यावर थांबणारे लेखन कुणाच्याच कामाचे नसते. बोळा, उक्ता भाव, अडलेली मोजणी अशा कड्या दाखवाव्या लागतात. दुसरा आक्षेप असा की यात माणसे निव्वळ बळी ठरतात. नाशिकचा अनुभव त्याला दुजोरा देत नाही. ६ मार्च २०१८ रोजी हजारो आदिवासी शेतकरी वनजमिनीचे पट्टे आणि कर्जमाफीसाठी नाशिकहून पायी निघाले. दहावीच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना त्रास नको म्हणून त्यांनी मुंबईतला शेवटचा टप्पा रात्रीतून पार केला आणि १२ मार्चला पहाटे ते आझाद मैदानात पोहोचले. सरकारने लेखी आश्वासन दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिकहून पुन्हा मोर्चा निघाला, आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून आणखी एक. वनजमिनीची मागणी त्याही यादीत होती.