लसावि लहान का नसतो?

परवा आमच्या विश्रामबागेतल्या घरी शेजारची सहावीतली मुलगी वही घेऊन आली. १२ आणि १८ यांचा लसावि तिनं ६ काढला होता, मसावि ३६. बाईंनी दोन्हींवर लाल फुली मारलेली. "काका, ल म्हणजे लघुतम ना? मग लहान उत्तर लसाविचंच पाहिजे की!"

चूक तिची म्हणवत नाही. आपण पोरांकडून 'लघुतम साधारण विभाज्य' पाठ करून घेतो आणि शेवटच्या शब्दाकडे बघतच नाही. विभाज्य म्हणजे ज्याला भाग जातो ते. १२ चे विभाज्य म्हणजे बाराचा पाढा: १२, २४, ३६... तो संपतच नाही, त्यामुळे सर्वांत मोठा विभाज्य विचारून उपयोग नाही. विचारायचा तो सर्वांत लहान. विभाजकाचं उलटं. सर्वांत लहान विभाजक नेहमी १ असतो, त्यात काय विचारायचं? म्हणून मसावि, म्हणजे महत्तम साधारण विभाजक. आणि 'साधारण' म्हणजे सामाईक, "तब्येत साधारण आहे" मधला साधारण नव्हे. सांगली स्टँडवरून एक गाडी दर १२ मिनिटांनी आणि दुसरी दर १८ मिनिटांनी सुटत असेल, तर दोन्ही पुन्हा ३६ मिनिटांनी एकदम सुटतील. (गणितातल्या गाड्या वेळेवर सुटतात.)

मला खरा जीव आहे तो मसावि काढण्याच्या एका जुन्या रीतीवर. ३९१ आणि २९९ घ्या. अवयव पाडायला बसलात तर २, ३, ५, ७, ११ अशा कितीतरी संख्यांशी झटापट. त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद ३९१ मिलिमीटर लांब आणि २९९ रुंद कापायचा. त्यातून मावेल तेवढा मोठा चौरस काढला, २९९ चा. उरली ९२ रुंदीची पट्टी (३९१ ला २९९ नं भागून उरणारी बाकी). तिच्यातून ९२ चे तीन चौरस निघाले, उरली २३ ची पट्टी. तिच्यातून २३ चे बरोबर चार. काहीच उरलं नाही, म्हणून मसावि २३.

हे चालतं कारण जी संख्या ३९१ ला आणि २९९ ला नि:शेष भागते, ती त्यांच्या वजाबाकीलाही भागणारच. २३ मिलिमीटरच्या फरशीनं अख्खा कागद भरत असेल, तर त्यातून तशाच फरश्यांचा तुकडा काढल्यावर उरलेला भागही भरेल. कागद लहान होत जातो, मसावि तोच राहतो. लसावि तर फुकटच मिळतो: दोन्ही संख्यांचा गुणाकार भागिले मसावि, म्हणजे १७ × २९९ = ५०८३.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडनं ही रीत लिहून ठेवली. आर्यभटानं ४९९ साली मांडलेलं कुट्टक (समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढण्याची रीत) हेच बाक्यांचं यंत्र आणखी पुढे नेतं. आता जरा अवघड. ही रीत सर्वांत जास्त रेंगाळते ती ३४ आणि २१ सारख्या जोडीवर, कारण तिथे भागाकार दर वेळी १ येतो (शेवटचा सोडून) आणि बाक्या येतात १३, ८, ५, ३, २, १. तरी सात भागाकारांत काम संपतं. लामे नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८४४ मध्ये सिद्ध केलं की लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीहून जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. शंभर अंकी संख्या असली तरी फार तर ५००. संदेश कुलूपबंद करणाऱ्या आरएसए पद्धतीच्या गुप्त किल्ल्या बनवताना ही रीत लागते, ती म्हणूनच परवडते.

मध्येच मुलीनं विचारलं, "मूळ संख्या म्हणजे मूलांक का? आत्या म्हणते माझा सात आहे." नाही बाई! मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक. आत्याचा मूलांक म्हणजे जन्मतारखेतल्या अंकांची एकच अंक उरेपर्यंत केलेली बेरीज, म्हणजे तारखेला ९ नं भागून उरलेली बाकी (बाकी शून्य आली तर ९). २५ ला ९ नं भागा, ७ उरतात. एवढ्या एका बाकीवर लग्न आणि नोकरी सांगणाऱ्यांना आपण पैसे देतो.

मग तिनं कागद कापायला घेतला आणि रुंदीत एक मिलिमीटर चुकली: २९९ ऐवजी ३००. चौरस निघाले ३०० चा एक, ९१ चे तीन, २७ चे तीन, मग १० चे दोन. सात मिलिमीटरच्या चौरसापाशी कात्री थांबली. पुढचं तिनं वहीत केलं: ३, मग १. "काका, हा बिघडला." बिघडला नव्हता. ३९१ आणि ३०० सहमूळ निघाल्या होत्या, म्हणजे १ सोडून सामाईक विभाजकच नाही.