डिजिटल उत्पादनाचे रीडिझाइन आणि त्याचे नेतृत्व

डिजिटल उत्पादनाचे रीडिझाइन : लक्षावधी लोकांच्या रोजच्या वापरात असलेल्या सॉफ्टवेअरचे, संकेतस्थळाचे किंवा अ‍ॅपचे रूप, मांडणी व वापरण्याची रीत एका सूत्राने बदलण्याची प्रक्रिया. नवे उत्पादन घडवणे आणि वापरातले उत्पादन बदलणे ही मुळातच वेगळी कामे आहेत. नव्या उत्पादनाला वापरकर्ते मिळवायचे असतात. जुन्याचे वापरकर्ते आधीच असतात, त्यांचे हात सवयीने चालतात आणि त्यांनी बदल मागितलेला असतोच असे नाही. कोणती सवय मोडायची, कोणती जपायची हे ठरवणे आणि तो निर्णय अभियांत्रिकीपासून ग्राहक-साहाय्यापर्यंत सर्व विभागांकडून पार पाडून घेणे, हे रीडिझाइनच्या प्रमुखाचे काम होय.

उगम : या भूमिकेचा उगम कोठे शोधायचा याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे मूळ औद्योगिक डिझाइनमध्ये आहे. पेटर बेरेन्स यांनी १९०७ पासून एईजी या जर्मन कंपनीसाठी उत्पादने, जाहिराती व इमारती यांना एकच रूप दिले. अमेरिकेत हेन्री ड्रेफस यांनी १९३० च्या दशकात टेलिफोनची पुनर्रचना केली. रेमंड लोवी यांनी, लोकांना पेलेल तेवढेच नावीन्य द्यावे, असा नियम सांगितला. हा नियम रीडिझाइनच्या चर्चेत आजही उद्धृत होतो. दुसरे मत ही भूमिका व्यवस्थापनातून आली असे मानते. नील मॅकेलरॉय यांनी १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत एका उत्पादनाची सगळी जबाबदारी एका माणसाकडे देण्याची सूचना केली. आजचा प्रॉडक्ट मॅनेजर हा त्याच परंपरेतला, असे या मताचे अभ्यासक म्हणतात.

तिसरे मत सॉफ्टवेअर अभियांत्रिकीकडे बोट दाखवते. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेच्या विकासाचे आणि तिच्या ओएस/३६० या प्रणालीचे व्यवस्थापन केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये संकल्पनात्मक एकसंधतेचा विचार मांडला. प्रणाली अनेकांनी बांधली तरी ती एका मनातून उतरल्यासारखी वाटली पाहिजे आणि त्यासाठी रचनेचा अधिकार एका किंवा फार थोड्या व्यक्तींकडे असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या प्रणालीचा धोकाही त्यांनीच दाखवून दिला. पहिल्या वेळी आवरलेल्या सगळ्या कल्पना दुसऱ्या वेळी एकदम बाहेर पडतात आणि प्रणाली फुगते. हा इशारा रीडिझाइनला तंतोतंत लागू पडतो.

तिन्ही मतांत तथ्य आहे. तरी तिसरे अधिक ग्राह्य वाटते, कारण टेलिफोनचे नवे रूप बाजारात आले म्हणून घरातला जुना टेलिफोन रातोरात बदलत नसे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत, विशेषतः इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांत, जुनी वस्तू वापरकर्त्याच्या हातातच बदलते आणि नकार देण्याची सोय त्याला बहुधा नसते. औद्योगिक डिझाइनला या प्रश्नाला सहसा तोंड द्यावे लागले नव्हते.

वापरकर्त्यांचा अभ्यास, प्रत्यक्ष मापन आणि पुनःपुन्हा सुधारणा ही तत्त्वे जॉन गूल्ड व क्लेटन लुइस यांनी १९८५ मध्ये एकत्र मांडली. पुढे मानवकेंद्री रचनेचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३४०७ (१९९९) व नंतर आयएसओ ९२४१-२१० (२०१०) या रूपांत आले. या मानकांत प्रक्रिया आहे, परंतु रूढ झालेल्या सवयींचे काय करायचे याविषयी मार्गदर्शन जुजबीच आहे.

सवय आणि मापन : रीडिझाइननंतरच्या नाराजीची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले मनोवृत्तीचे. विल्यम सॅम्युएलसन व रिचर्ड झेकहाउझर यांनी १९८८ मध्ये दाखवले की माणसे, अन्य पर्याय समोर असतानाही, आहे तीच स्थिती प्रमाणाबाहेर पसंत करतात. दुसरे कौशल्याचे. अ‍ॅलन न्यूएल व पॉल रोझेनब्लूम यांनी १९८१ मध्ये सरावाचा घातनियम मांडला. त्यानुसार एखादे काम करायला लागणारा वेळ सरावाने आधी झपाट्याने आणि मग अगदी हळू कमी होतो. जुना वापरकर्ता या वक्राच्या सपाट टोकाला पोचलेला असतो. नवा इंटरफेस त्याला पुन्हा उभ्या चढणीच्या पायथ्याशी आणून सोडतो. त्याचा वेग खरोखरच घटलेला असतो. म्हणून केवळ बदलाची नावड असे म्हणून तक्रार बाजूला सारणे योग्य नाही. रंगाविषयीची कुरबुर आणि जागा बदललेल्या बटणाविषयीची तक्रार या दोन्हींना एकाच मापाने मोजणाऱ्या प्रमुखाचा अंदाज चुकण्याचा संभव अधिक असतो.

मापनातली खरी अडचण येथूनच सुरू होते. ए-बी चाचणीत काही वापरकर्त्यांना जुनी व काहींना नवी आवृत्ती दाखवून फरक मोजतात. एका बटणाच्या रंगासाठी ही पद्धत उत्तम आहे. संपूर्ण रीडिझाइनला ती जशीच्या तशी लावली तर दोन परस्परविरोधी विकृती शिरतात : नावीन्यामुळे लोक सुरुवातीला जास्त हाताळून पाहतात आणि जुन्या सवयीमुळे सुरुवातीला जास्त चुकतात. दोन्ही परिणाम ओसरल्यावर नवा वक्र जुन्याच्या पुढे जातो की नाही हा खरा प्रश्न असतो, आणि थोड्या दिवसांच्या चाचणीत त्याचे उत्तर मिळत नाही. यावर एक उपाय म्हणजे कधीच जुनी आवृत्ती न पाहिलेल्या नव्या वापरकर्त्यांचा निकाल वेगळा काढणे. स्वेच्छेने नवी आवृत्ती निवडणाऱ्यांचे समाधान हे सर्वांचे समाधान समजणे ही याच प्रकारची, फार वारंवार होणारी चूक आहे. शिवाय कंटाळून निघून गेलेला माणूस सर्वेक्षणाला उत्तर देत नाही.

ऑफिस २००७ : या विषयातील सविस्तर नोंदवलेले उदाहरण मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या रिबनचे, म्हणजे मेनू व टूलबार यांच्या जागी आलेल्या टॅबवार आज्ञापट्टीचे, आहे. इंटरफेसच्या कामाचे नेतृत्व ज्युली लार्सन-ग्रीन यांच्याकडे होते आणि जेन्सन हॅरिस यांनी त्यामागची कारणमीमांसा जाहीरपणे सविस्तर लिहिली. वर्डच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे १०० आज्ञा होत्या, वर्ड २००३ मध्ये त्या १,५०० च्या वर गेल्या. मेनू लांबत गेले, टूलबार वाढत गेले. ऑफिस २००० मध्ये क्वचित वापरल्या जाणाऱ्या आज्ञा आपोआप लपवणारे मेनू आणले गेले. त्यामुळे वस्तू रोज जागा बदलू लागल्या आणि गोंधळ वाढला. संमतीने गोळा केलेल्या वापरनोंदींतून दिसले की वर्ड २००३ मधील एकूण आज्ञावापरापैकी ११ टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या पेस्टचा होता आणि पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू व बोल्ड या पाच आज्ञांचा मिळून सुमारे ३२ टक्के. त्यापुढे थोड्याथोड्या वापरल्या जाणाऱ्या आज्ञांची शेपटी मात्र फार लांब होती.

संघाने मेनू पूर्णपणे काढले आणि जुन्या रूपाकडे परतण्याची सोयही ठेवली नाही. हा निर्णय कठोर होता, पण सरसकट नव्हता. मेनू पडद्यावरून गेले तरी ऑफिस २००३ मधील ऑल्ट-कळीने सुरू होणारे बरेचसे क्रम चालू राहिले : मेनू दिसत नसतानाही बोटांना पाठ असलेला क्रम दाबला की पडद्यावर छोटी सूचना येई आणि आज्ञा पार पडे. ज्यांचा वेग सर्वांत जास्त होता त्यांचा वेग असा राखला गेला. नेतृत्वाचा कस अशा न दिसणाऱ्या तपशिलात लागतो. दुसरीकडे, फाइल मेनूच्या जागी आलेले गोल बोधचिन्ह हे बटण आहे हे अनेकांच्या लक्षातच आले नाही. ऑफिस २०१० मध्ये फाइल हा टॅब परत आला आणि रिबन स्वतःच्या सोयीने बदलण्याची मुभाही मिळाली.

विंडोज ८ : स्टीव्हन सिनोफ्स्की ऑफिस विभागाचे प्रमुख होते, २००६ मध्ये ते विंडोजकडे गेले, आणि लार्सन-ग्रीनही नंतर तेथेच आल्या. विंडोज ८ (२६ ऑक्टोबर २०१२) मध्ये स्टार्ट बटण काढण्यात आले. स्टार्ट मेनूचा वापर घटल्याची आकडेवारी त्याआधी मांडली गेली होती. ती आकडेवारी चुकीची असेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु एखादी खूण किती वेळा दाबली जाते आणि तिच्या आधाराने माणूस किती वावरतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज ८.१ मध्ये (ऑक्टोबर २०१३) बटण परतले, विंडोज १० मध्ये (जुलै २०१५) मेनूही परतला. जवळपास तीच माणसे आणि तीच आकडेवारीवरची निष्ठा असताना निकाल वेगळे लागले : रिबन टिकली, स्टार्टचा बदल मागे घ्यावा लागला. त्यामुळे यशापयश प्रमुखाच्या स्वभावावरून समजावून देणारे लिखाण अपुरे वाटते.

विरोधाचे वाचन : फेसबुकने ५ सप्टेंबर २००६ रोजी न्यूज फीड, म्हणजे मित्रांच्या हालचाली एकत्र दाखवणारी यादी, आणले तेव्हा मोठा निषेध झाला. मार्क झकरबर्ग यांनी काही दिवसांत माफी मागून गोपनीयतेची नियंत्रणे दिली, पण फीड मागे घेतले नाही. स्नॅपचॅटच्या २०१८ मधील रीडिझाइनविरुद्धच्या अर्जावर १२ लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि दैनिक वापरकर्ते पहिल्या तिमाहीतील १९.१ कोटींवरून दुसऱ्या तिमाहीत १८.८ कोटींवर आले. वाचकांच्या मतांनुसार बातम्यांचे दुवे वरखाली करणाऱ्या डिग या संकेतस्थळाने ऑगस्ट २०१० मध्ये नापसंती नोंदवण्याचे बटण काढले आणि त्याच वेळी माहिती साठवण्याची यंत्रणाही बदलली. त्यामुळे माघार घेणे अवघड झाले. २०१२ मध्ये ते तुकड्यांत विकले गेले. रूप आणि पाया एकदम बदलू नयेत, या सल्ल्यासाठी हे उदाहरण दिले जाते.

विकिपीडियात निर्णयाची रीतच निराळी आहे. तेथील व्हेक्टर २०२२ ही रचना फ्रेंचसह काही भाषांत २०२० पासून टप्प्याटप्प्याने आजमावली गेली आणि इंग्रजीत १८ जानेवारी २०२३ रोजी लागू झाली. ओळीच्या मर्यादित रुंदीवरून संपादकांत तीव्र वाद झाला. खाते असलेल्यांना जुनी रचना निवडता येते.

सुगम्यता : पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणारे लोक मथळ्यांचा व दुव्यांचा क्रम लक्षात ठेवून वावरतात, त्यामुळे डोळ्यांना किरकोळ वाटणारा बदल त्यांना मोठा पडतो. संकेतस्थळे अपंग व्यक्तींनाही वापरता यावीत यासाठीची डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वे (२.० आवृत्ती २००८, २.२ आवृत्ती २०२३) एका संकेतस्थळाच्या पानापानांत सुसंगती मागतात, जुन्या व नव्या आवृत्तीतील सुसंगती मात्र त्यांच्या कक्षेत येत नाही.

अलीकडील स्थिती : गूगलने २०१४ मध्ये मटेरियल डिझाइन ही आपली रचनाप्रणाली जाहीर केल्यापासून प्रत्येक पडदा वेगळा आखण्याऐवजी सामायिक घटकांची प्रणाली आखण्याकडे कल वाढला. असे असूनही एका झटक्यात होणारे बदल थांबलेले नाहीत. अ‍ॅपलच्या आयओएस ७ (सप्टेंबर २०१३) मधील हालचालींमुळे काहींना भोवळ येऊ लागली आणि ७.०.३ मध्ये त्या कमी करण्याची सोय वाढवावी लागली. २०२५ मध्ये आयओएस २६ मधील लिक्विड ग्लास या पारदर्शक रूपाबद्दल वाचनीयतेच्या तक्रारी आल्या, आणि २६.१ मध्ये पारदर्शकता कमी करणारा पर्याय देण्यात आला.